तीन तास जनरेटर, तरी बॅटरी रिकामी : मांजरसुंब्याला अडकलेल्या एका फिरत्या घराचं प्रकरण

फोन आला तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. "भाऊ, अंबाजोगाईहून निघालो, मांजरसुंब्याला थांबलोय. जनरेटर तीन तासांपासून चालायलाय, पण बॅटरी काही भरना. आन् आता गाडीबी सेल्फ उचलना." बोलणारे निवृत्त शिक्षक होते. मागून बाईंचा आवाज आला, "त्यांना फ्रिजचं सांगा आधी." फ्रिजमध्ये त्यांचं इन्सुलिन होतं. मे महिना, दिवसा बेचाळीस अंश. बीडहून मांजरसुंबा जवळ आहे. मीटर, बूस्टर केबल आणि पान्यांची पिशवी गाडीत टाकून मी निघालो.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की, त्यांनी आठ महिन्यांपूर्वी मागच्या दोन्ही बॅटऱ्या एकदा बदलल्या होत्या आणि आता दुसरी जोडीही बदलायला सांगितली होती. आमच्या भागात गाडीचं घर करून फिरणारी माणसं थोडी, पण वाढत आहेत. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यानंतर जुनी मिनीबस घेऊन आत पलंग-ओटा बसवून देणारेही दिसू लागले. सुतारकाम चांगलं होतं. वायरिंग मात्र तीन जणांनी तीन वेळा केलेलं असतं आणि त्याचं चित्र कुणाकडेच नसतं.

गाडी डिझेलची मिनीबस, मूळ वीज १२ व्होल्ट. पुढे इंजिनची एक बॅटरी. मागे पलंगाखाली १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या समांतर, म्हणजे एकूण ३००. त्यांच्यावर घरगुती प्रकारचा ११०० व्हीएचा इन्व्हर्टर, चार्जर त्याच्याच पोटात. मागच्या पेटीत २ केव्हीएचा साधा पेट्रोल जनरेटर. इन्व्हर्टरला बाहेरून एकच पिन. ती जनरेटरला लावा किंवा कुणाच्या घरच्या सॉकेटला.

पोचल्यावर पहिलं काम वायरिंगचं नव्हतं. जनरेटर पेटीतच चालू होता, पेटी पलंगाच्या खिडकीखाली, आणि धूर गाडीच्या बुडाखाली सुटत होता. मी तो आधी बंद केला. सर म्हणाले, "सकाळी उठलो की डोकं जड व्हायलंय चार-पाच दिवसांपासून. उन्हाचं असेल." उन्हाचंही असेल. पण पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. जनरेटर खाली उतरवून, वारा धूर गाडीपासून लांब नेईल अशा अंगाला, गाडीपासून दहा-बारा पावलांवर ठेवला. चालू जनरेटर गाडीत किंवा गाडीला चिकटून कधी ठेवायचा नाही, हे मी त्यांना हात जोडून सांगितलं. बॅटरी नासली तर पैसे जातात. इथे दोन माणसं गेली असती.

इन्सुलिनची सोय काकूंनीच केली. ढाब्यावरून बर्फ आणला, थर्मासमध्ये खाली बर्फ, वर टॉवेलची घडी, तिच्यावर कुपी. बर्फाला थेट लागू द्यायची नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, हे त्यांना माहीत होतं. मग मी निवांत मीटर काढला.

सगळं बंद केलं, इन्व्हर्टरसुद्धा. अर्धा तास बॅटऱ्यांना विसावा दिला. चार्ज थांबल्या थांबल्या किंवा लोड चालू असताना घेतलेला आकडा फसवतो. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी विसाव्यानंतर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मागच्या बॅटऱ्यांनी दाखवले ११.८७. पुढे जाऊन इंजिनची बॅटरी मोजली, तिथेही ११.८७.

मला खरी वाट इथे सापडली. एक बॅटरी तीन वर्षांची, इंजिनला धक्का देणारी. दुसऱ्या आठ महिन्यांच्या, फ्रिज-पंखे ओढणाऱ्या. किल्ली बंद असताना पुढच्या-मागच्या बॅटऱ्यांचा एकमेकांशी संबंध नसायला हवा. त्यांचा आकडा दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत सारखा येतो याचा अर्थ त्या आतून जोडलेल्या आहेत. ड्रायव्हरच्या सीटखाली रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठी लाइन जोडणारा स्विच, सापडला, हेडलाइटला वापरतात तसला ४० अँपिअरचा छोटा. त्याची कॉइल किल्लीच्या वायरवर होती. कॉइलची वायर काढली, तरी दोन्ही बाजूंना वीज आरपार. आतले पॉइंट वितळून चिकटले होते.

का चिकटले, ते उघड आहे. किल्ली फिरवली की रिले ओढतो, आणि त्याच क्षणी सेल्फ शेकडो अँपिअर मागतो. पुढची बॅटरी जरा कमी असली की सेल्फ मागच्या बॅटऱ्यांकडूनही करंट ओढतो, तो याच ४० अँपिअरच्या रिलेतून. इंजिन लागल्यावर मागच्या रिकाम्या बॅटऱ्या डायनामोकडून मोठा घास घेतात, तोही याच रिलेतून. कधीतरी तो चिकटणारच होता. चिकटल्यापासून रात्रीचे पंखे आणि फ्रिज पुढच्या बॅटरीवरही चालत होते, म्हणून सकाळी सेल्फ उचलेना. सरांना कुणीतरी सेल्फ खोलायला सांगितलं होतं.

रिलेची वायर सोडवून टेप गुंडाळली, माझ्या गाडीवरून बूस्टर केबल लावली, इंजिन लागलं. रात्रीच गाडी बीडला दुकानासमोर आणली. घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागवली, दोघांना झोपायला सांगितलं. खिडक्या उघड्या, जनरेटर बंद.

सकाळी उन्हाच्या आत कामाला लागलो. सरांची मुख्य तक्रार होती की जनरेटर चालतो पण बॅटरी भरत नाही. जनरेटर लावला, बॅटरीच्या वायरवर चिमटा मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) अडकवला आणि दहा मिनिटं नुसता बघत बसलो. काकूंना घड्याळ घेऊन शेजारी बसवलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेई, चार्जिंग १५ अँपिअरवर जाई, पाच-दहा सेकंदांत 'टक' असा आवाज, आणि इन्व्हर्टर वीज सोडून परत बॅटरीवर. थोड्या वेळानं पुन्हा घेई, पुन्हा टक. दहा मिनिटांतली सगळी चार्जिंग मिळून जेमतेम तीन मिनिटं भरली. उरलेली सात मिनिटं फ्रिज बॅटरीतून नऊ अँपिअर ओढत होता. हिशेब करा : आत आले पंधरा त्रिक पंचेचाळीस, बाहेर गेले नऊ साती त्रेसष्ट. जनरेटर चालू असताना बॅटरी रिकामी होत होती, आणि चार्जिंगचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. त्या दिव्यावर भरवसा ठेवून सरांनी किती पेट्रोल जाळलं असेल!

टक-टक का, याला दोन कारणं मिळाली. एक, इन्व्हर्टरच्या पाठीमागचं बटण 'यूपीएस'वर होतं. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा दोन खाचा असतात. यूपीएसवर तो विजेच्या बाबतीत चोखंदळ असतो, व्होल्टेज जरा खालीवर झालं की नाकारतो, कारण संगणक बंद पडू नये ही त्याची काळजी. 'नॉर्मल'वर तो जास्त खालीवर सहन करतो. बदल्यात वीज जाता-येता किंचित जास्त वेळ घेतो. फ्रिज-पंख्यांना त्यानं काही फरक पडत नाही. दोन, जनरेटर खरोखरच डोलत होता. साधा जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतो, फेऱ्या हलल्या की हर्ट्झ हलतात. माझ्या मीटरवर ४७ ते ५३ असा झोका होता, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला की व्होल्टेज २०५ पर्यंत बसायचं. एअर फिल्टर उघडला तर आत काळ्या मातीची धूळ, पोळीवर पीठ लावावं तशी. स्पंज धुवून, वाळवून, दोन थेंब तेल लावून बसवला. चोकची दांडी अर्धी अडकलेली होती, ती सोडवली. बटण नॉर्मलवर केलं. हर्ट्झ ५० ते ५१.५ मध्ये स्थिर झाले, आणि चार्जिंगचे १५ अँपिअर अर्धा तास न तुटता चालले.

सर खूश झाले, पण मी त्यांना थांबवलं. पंधरा अँपिअर गुणिले तीन तास म्हणजे पंचेचाळीस अँपिअर-तास. बॅटऱ्या तीनशेच्या. जनरेटर दोन हजारांचा असला तरी चार्जरचं तोंड सव्वादोनशे वॅटचं, बाकीचं पेट्रोल नुसतं आवाज करण्यात जातं. आम्ही पुठ्ठ्यावर दिवसाचा खर्च मांडला. फ्रिज ९० वॅटचा, मे महिन्यात निम्मा वेळ चालतो, इन्व्हर्टरमधली गळती धरून दिवसाला १०५ अँपिअर-तास. १२ व्होल्टचे दोन पंखे बारा तास, ५०. दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल, १०. इन्व्हर्टरची स्वतःची भूक, वीसेक. बेरीज १८५. ३०० पैकी रोज निम्म्याहून जास्त. म्हणजे जनरेटर ठणठणीत असता तरी बॅटरी उपाशीच राहिली असती. ट्युब्युलर बॅटरी अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ते घट्ट होत जातं. पहिली जोडी अशीच गेली. तिच्यात दोष नव्हता, आणि ती भंगारात विकली गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

मग उरलं काय? चालत्या गाडीचा डायनामो. अंबाजोगाईहून केज, नेकनूर करत मांजरसुंब्यापर्यंत येताना मागच्या बॅटऱ्या भरायला हव्या होत्या. रिले चिकटलेला होता, म्हणजे वाट तर उघडीच होती. तरी भरल्या नाहीत.

सोडवलेली वायर तेवढ्यापुरती परत जोडून इंजिन चालू केलं. मागे फ्रिज आणि शंभर वॅटचे दोन बल्ब लावून मुद्दाम लोड ओढला, कारण करंट वाहत नसेल तर वायरीतली गळती दिसतच नाही. मागे जाणाऱ्या वायरीवर चिमट्यानं ३० अँपिअर दाखवले. पुढे डायनामोवर १४.१ व्होल्ट, मागे बॅटरीवर १२.७. वाटेत १.४ व्होल्ट गायब. नुसता आकडा बघून लोक म्हणतात, डायनामो कमी पडतो. पण डायनामो पुरेसं देत होता. मीटरची एक दांडी डायनामोच्या पॉझिटिव्हला, दुसरी लांब वायरीनं मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला : ०.६. आता निगेटिव्ह ते निगेटिव्ह : ०.८. बेरीज तंतोतंत जुळली. अशी जुळणी झाली की माझं मन शांत होतं, कारण मग तिसरी चोरवाट उरत नाही.

पॉझिटिव्हचे ०.६ सोपे होते. सात मीटर लांब, ६ चौरस मिलिमीटरची वायर. तांब्याचा रोध लांबीला आणि जाडीला धरून काढला तर ०.०१७२ गुणिले ७ भागिले ६, म्हणजे ०.०२ ओहम, आणि ३० अँपिअरला ०.६ व्होल्ट. हिशेबातही तेच, मीटरवरही तेच. निगेटिव्हला वेगळी वायरच नव्हती, मागची बॅटरी सीटच्या बोल्टवरून बॉडीला टेकवलेली. बोल्ट खोलला : खाली बसचा जुना पिवळा रंग, त्यावर गंज, त्यावर थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं कडं. हात लावला तर तापलेला.

याहून वाईट गोष्ट नंतर दिसली. ती लांब वायर सायलेन्सरच्या शेजारून गेली होती, एका ठिकाणी वरचं प्लॅस्टिक मऊ होऊन चपटलं होतं, आणि तिला फ्यूज नव्हता. कुठल्याच टोकाला नाही. ती बॉडीला टेकली असती तर पुढची आणि मागच्या अशा तीन बॅटऱ्या एकदम तिच्यात ओतल्या गेल्या असत्या, आणि वर प्लायवूडचा पलंग.

ती पूर्ण वायर काढून टाकली. जागी २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंगची केबल टाकली, पॉझिटिव्हही आणि निगेटिव्हही, वेगळ्या वाटेनं आणि नळीतून. केबल घेताना टोक सोलून चाकूनं खरवडून बघितलं. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, हल्ली बाजारात ती बरीच येते. दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, फ्यूज. दोन्ही टोकांना अशासाठी, की दोन्हीकडे बॅटरी आहे आणि वायर मध्ये कुठेही तुटली तरी दोन्हीकडून करंट येतो. बॉडीला जिथे टेकायचं तिथे रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. हेडलाइटच्या रिलेच्या जागी व्होल्टेज बघून ओढणारा मोठा रिले बसवला. डायनामोनं १३.३ च्या वर नेलं की तो जोडतो, १२.८ च्या खाली गेलं की तोडतो. सेल्फ मारताना तो जोडलेलाच नसतो. पुन्हा तोच लोड, तेच ३० अँपिअर : मागे १३.८.

राहिली आरसीसीबीची, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणाऱ्या डबीची, कटकट. जनरेटर लावला की ती पडते, अशी तक्रार होती. त्यामुळे मिक्सर, मोबाइल बंद. आधीच्या कुणीतरी फ्रिज तिच्या आधीच इन्व्हर्टरला थेट जोडला होता, "फ्रिज तरी चालू राहू द्या" म्हणून. आणखी एकानं ती काढूनच टाकायचा सल्ला दिला होता. मी सरांना सरळ सांगितलं की ती काढणार असाल तर हे काम मी करणार नाही. पत्र्याची गाडी, ओला ओटा, पैठणला गोदावरीत स्नान करून अनवाणी ओल्या पायांनी दारात हात लावणार. तीस मिलिअँपिअरला पडणारी ती डबी तुमच्यासाठीच आहे.

तिचं काम साधं. फेजनं जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलनं परत आलं का, एवढंच ती बघते. मी जनरेटर बंद ठेवला, पिन मात्र लावली, आणि बॅटरीवर मिक्सर सुरू केला. आरसीसीबी पडली. पिन काढली, नाही पडली. जनरेटर चालतही नव्हता, म्हणजे दोष त्याच्या इंजिनात नाही, पिनेतून जुळणाऱ्या कशात तरी आहे. ओट्यामागचं सॉकेट उघडलं. न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडलेले. तिकडे जनरेटरमध्येही न्यूट्रल त्याच्या सांगाड्याला जोडलेला आणि सांगाड्याची अर्थ वायर गाडीच्या बॉडीला. दोन ठिकाणी जोड झाल्यामुळे परतीचा थोडा करंट न्यूट्रल सोडून पत्र्यातून जात होता. आरसीसीबीला तो कमी दिसे, ती पडे. ती बरोबर होती.

सॉकेटमधला तुकडा काढला, फ्रिज आरसीसीबीच्या खाली आणला. जनरेटरकडचा जोड तसाच ठेवला, जनरेटर चालू असताना फॉल्ट झाला तर आरसीसीबीला कळायला तो हवाच. तो गाडीत कायमचा करायचा नाही, कारण घरच्या सॉकेटवर गाडी लावली की जोड त्या बाजूला असतोच, आणि मग पुन्हा दोन होतात. टेस्टचं बटण काकूंकडून तीनदा दाबून घेतलं.

बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता, बॅटरी किती भरली ते तिच्यावरून कळतं) सुरुवातीला ११४० ते ११५० होती, एका सेलची ११२०. डिस्टिल वॉटर घातलं, दुकानातल्या चार्जरवर दोन दिवस सावकाश भरल्या. अकरा सेल १२३५ च्या पुढे आले, तो एक १२१० वर थांबला. आमच्याकडच्या उन्हात चार्जिंगचं व्होल्टेज थोडं खाली ठेवावं लागतं, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट, म्हणजे ४२ अंशांना ०.४ व्होल्ट. नाहीतर पाणी उकळून जातं. पलंगाखालच्या कप्प्याला वरच्या बाजूला दोन भोकं पाडून बाहेर नळी काढली. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वर चढतो, तो झोपायच्या जागेत साठायला नको.

जनरेटरच्या तीन तासांचा उपयोग व्हावा म्हणून ३० अँपिअरचा वेगळा चार्जर घ्यायला सांगितला. तो पिनेच्या बाजूला, इन्व्हर्टरच्या आधी जोडायचा. इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावला तर बॅटरी इन्व्हर्टर चालवणार, इन्व्हर्टर चार्जर, चार्जर तीच बॅटरी, आणि प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता होऊन जाणार. हे मी दुसऱ्या एका गाडीत बघितलंय, मालक रात्रभर चार्ज लावून सकाळी रिकाम्या बॅटरीशी उठायचा.

पूर्ण वायरिंगचं चित्र दोन प्रतींत काढलं. एक फ्रिजच्या दाराच्या आत चिकटवलं, एक माझ्याकडे आहे.

पाचव्या दिवशी वेरूळहून फोन आला, काकूंचा. "भाऊ, सकाळी सहाचा आकडा : मागं १२.४१, पुढं १२.६६. दोन्ही वेगळे आलेत." चार्जर अजून घेतला नव्हता, म्हणून मागचा आकडा मला थोडा कमीच वाटला. फ्रिज रात्री दहा ते चार बंद ठेवा आणि दार उघडू नका, असं सांगितलं. अजिंठा करून परत येताना तो १२१० चा सेल पुन्हा तपासायचा आहे, आणि जनरेटरची पेटी गाडीवरून कायमची काढायची आहे.